वही क्रमांक एकतीस, पान अठ्ठ्याऐंशी

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: दोन पलड्यांचा पितळी तराजू, पाव ग्रॅमपर्यंत खरा. वाफेच्या दाबाचे काटे तपासण्याचा स्टँड. छतावरच्या टाकीत पाणी किती उरले ते खाली स्वयंपाकघरात दाखवणारा काटा. पत्नीच्या शिलाई मशीनचे नवे पायडल. मुलीच्या चष्म्याची बिजागरी, दोनदा. आठ पायऱ्यांची घडीची शिडी. दुकानाबाहेरचा फळा, चार फूट बाय तीन. आणि एक लोखंडी पलंग, ज्याची डोक्याकडची बाजू पंचेचाळीस अंशांपर्यंत उचलता येते. शिडी सोडून सर्व वस्तू आजही चालू स्थितीत आहेत. शिडी एका रंगाऱ्याने दोन दिवसांसाठी म्हणून नेली, त्याला आता नऊ वर्षे झाली.

यादी आधी लिहिण्याचे कारण असे की मृत्युपत्रात मन ठिकाणावर असल्याचे लिहावे लागते. पण स्वतःचे मन ठिकाणावर आहे असे स्वतःच लिहून देणाऱ्याचा पुरावा काय? म्हणून वस्तू लिहिल्या. ज्याला शंका असेल त्याने तपासून घ्याव्यात. डोके फिरलेल्या माणसाचा तराजू पाव ग्रॅमला खरा राहत नाही.

तर मी, मोजमापाची यंत्रे दुरुस्त करणारा, वय चौपन्न वर्षे दोन महिने, शिक्षण शाळेत सातवीपर्यंत व पुढचे सगळे स्वतःच्या पायावर, कोणाच्याही दबावाला, आग्रहाला किंवा चहाला बळी न पडता खालील व्यवस्था लिहून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाने दुसरे एखादे निघाले तर ते मी लिहिलेले नाही, अक्षर माझे दिसले तरीही.

माझ्या फुफ्फुसांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मी दोन ठिकाणी तपासून घेतले आहे. दोन्ही ठिकाणची यंत्रे वेगळी, ती चालवणारी माणसे वेगळी, आणि ती माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, हे मी स्वतः जाऊन पाहिले. दोन्हीकडे उत्तर एकच आले. अशी चौकशी करायला मी एकदा चुकलो होतो, म्हणून आता करतो.

कलम पहिले. हे मृत्युपत्र खरे म्हणजे एका वहीसाठी आहे. वही क्रमांक एकतीस, निळे पुठ्ठे, दोनशे पाने, पैकी अठ्ठ्याऐंशी लिहिलेली. बाकी घर, भांडी, हत्यारे यांची वाटणी माझ्यामागे घरच्यांनी चहा पिता पिता केली असती तरी चालले असते. या वहीचे तसे नाही. ती फाडावी, हरवावी, भिजावी किंवा विकली जावी यासाठी जीव टाकणारी माणसे आहेत. ती टिकावी असे वाटणारा मी एकटा आहे, आणि माझे दिवस मोजके आहेत.

कलम दुसरे. दुकान व त्यामागच्या दोन खोल्या पत्नीच्या. यात वाद नाही. तिने हे कलम वाचून सांगितले, "अहो, कोपऱ्यात गळतं तेही लिहा. उद्या मुलीला वाटायला नको की मी गळकं करून ठेवलं." म्हणून लिहितो: मागच्या खोलीच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात गळते. मी चार वेळा दुरुस्त केले, आणि चारही वेळा गळतीचे नेमके कारण सापडले असे जाहीर केले.

कलम तिसरे. बँकेत जे आहे ते पत्नीचे. फोनवरून व्यवहार करू नये असे मी तिला आयुष्यभर सांगितले. ती करते, आणि आजवर तिचे काही बुडालेले नाही. हे मी नमूद करतो, कारण मला न पटणाऱ्या गोष्टीही लिहून ठेवायची मला सवय आहे.

कलम चौथे. पलंगाखालची पत्र्याची पेटी मुलीला. तिच्यात मी उघडून पाहिलेल्या वस्तू आहेत, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. विजेचे बिल निम्मे करणारा डबा: आत एक हिरवा दिवा आणि वजन यावे म्हणून वाळू. सांधेदुखीवरचे चुंबकाचे कडे: चुंबक नाही, कडेही धड नाही. ताप मोजायची पिस्तूल: माझा ताप छत्तीस पूर्णांक चार, भिंतीचा छत्तीस पूर्णांक चार, चहाच्या किटलीचा छत्तीस पूर्णांक चार. मुलगी लहानपणी मला म्हणायची, "बाबा, तुम्ही एखादी गोष्ट न उघडता ठेवली आहे का हो?" तिला ही पेटी. उपयोग काहीच नाही. ज्या कंपन्यांच्या या वस्तू होत्या त्या आता दुसऱ्या नावांनी दुसऱ्या वस्तू विकतात, आणि आमच्याच गल्लीत विकतात.

कलम पाचवे. फळा.

तो का केला ते लिहितो. एकवीस वर्षांपूर्वी गल्लीत बातमी आली की अमुक कंपनीचे मीठ खाल्ल्याने मुलांचे केस गळतात. एका दिवसात किराणावाल्याचे मीठ रस्त्यावर आले. मी ते मीठ मोजले, उकळले, सुकवले, दोन जाणत्यांना विचारले, आणि पुठ्ठ्यावर लिहून दुकानाबाहेर टांगले: खोटे. दुसऱ्या दिवशी शिंपी विचारायला आला, "आणि ते नव्या कराचं काय हो?" मग पुठ्ठा पुरेना. मी फळा केला. तीन रकाने आखले: खरे, खोटे, माहीत नाही. तिसरा सर्वांत रुंद ठेवला, कारण जगात तोच माल जास्त आहे.

लोक वर्तमानपत्र घेऊन येत, पुढे फोन घेऊन येऊ लागले. जमीन दुप्पट करून देणाऱ्या योजना, निवडणुकीच्या आधी मंजूर होऊन निवडणुकीनंतर रद्द होणारे पूल, घरी बसून कमाई, परदेशातल्या राजपुत्राचा वारसा. मला लोक पुराव्याशेठ म्हणू लागले. आधी चेष्टेने, मग नुसतेच. मला ते आवडत असे. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडत असे.

माझे दोन नियम होते व ते फळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने कायमचे लिहिलेले होते. एक, दोन जणांनी वेगवेगळे सांगितल्याशिवाय खरे किंवा खोटे लिहायचे नाही. दोन, सांगणाऱ्याचे नाव वहीत चढवल्याशिवाय ऐकायचे नाही. निनावी निरोप माझ्या लेखी आधीच निम्मा खोटा. या दुसऱ्या नियमाचा मला फार अभिमान होता. कोणी काही सांगायला आला की मी पेन उघडायचो आणि विचारायचो, "नाव लिहू?" निम्मे लोक तिथूनच परत जात.

समोरच्या न्हाव्याने फळा मागितला आहे, दाढी-कटिंगचे दर लिहायला. त्याला द्यावा. तिथे तरी जे लिहिले असेल त्याप्रमाणे काम होईल.

कलम सहावे. यात देण्यासारखे काही नाही. पण हे वाचल्याशिवाय वहीचे कलम कळणार नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला, रेल्वे रुळांच्या अलीकडे, शीतगृह आहे. त्यांचे दाबाचे काटे मीच तपासत असे. माझा भाचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा मुलगा, तिथे पाळीवर होता. तीन वर्षांपूर्वी, मंगळवारी, सकाळी दहा चाळीसला गल्लीतल्या सर्वांच्या फोनवर एक निरोप आला: शीतगृहात गॅसगळती, गल्ली सोडा, ताबडतोब पुढे पाठवा. पुढे नऊ उद्गारचिन्हे, मी मोजली. आणि एक फोटो, धुराचे लोट, पळणारी माणसे.

तो फोटो मी ओळखला. त्याच्या दोन वर्षे आधी तोच फोटो एका गोदामाच्या आगीचा म्हणून आला होता, आणि त्याआधी कुठल्याशा बंदरातला म्हणून. वही क्रमांक एकोणतीस, पान चौदा. फोटो खोटा होता याबद्दल मला शंभर टक्के खात्री होती, आणि ती खात्री बरोबर होती.

तरीही नियम म्हणून मी चौकशी केली. अकरा वीसला शीतगृहाच्या गेटला फोन केला. पहारेकरी म्हणाला, "छे हो, गळतीबिळती काही नाही. साहेबांनी सांगितलंय." अकरा पस्तीसला अग्निशमन केंद्राला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "आम्ही चौकशी केलीय. सगळं ठीक आहे, अफवा आहे." दोन माणसे, दोन जागा. मी दोघांची नावे आणि वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरवली, आणि अकरा पन्नासला फळ्यावर दुसऱ्या रकान्यात लिहिले: शीतगृहातील गळती. खोटे.

पुढे कळले ते असे. केंद्रातल्या माणसाने त्याच पहारेकऱ्याला फोन करून विचारले होते. आणि पहारेकऱ्याच्या हातात सकाळी साडेदहाला व्यवस्थापकाने चिठ्ठी दिली होती की कोणी विचारले तर काही नाही म्हणायचे. म्हणजे माझे दोन साक्षीदार एकाच चिठ्ठीतून बोलत होते. दोघांनाही मी "तुम्हाला हे कोणी सांगितलं?" असे विचारले नाही. पहारेकऱ्याने तर न विचारता सांगितले होते: साहेबांनी सांगितलंय. मी ते लिहून घेतले आणि ऐकले नाही.

बाराच्या सुमारास माझी थोरली बहीण, अक्का, दुकानापाशी आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या आणि घराची कागदपत्रे. ती रुळांकडच्या टोकाला राहायची, शीतगृहाला लागून तिसरे घर. म्हणाली, "काय रे, जाऊ की राहू?"

मी हातातला काटा खाली ठेवला नाही. मानेनेच फळ्याकडे दाखवले.

तिने चष्मा पुसून वाचले. "बरं," म्हणाली. "मग कपडे वाळत घालते. सकाळपासून बादलीतच पडलेत."

त्याच वेळी समोरचा न्हावी दुकानाला कुलूप लावत होता. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर उठवलेले. मी त्याला म्हणालो, "फळा वाचता येतो ना?" तो म्हणाला, "येतो की. पण माझा कशावरच विश्वास नाही शेठ, तुझ्यावरपण नाही. खरं असेल तर वाचलो, खोटं असेल तर बायकोपोरांना हवा खाऊन आणली." आणि तो सगळ्यांना घेऊन गेला.

दोन वाजून पाच मिनिटांनी पाइप फुटला आणि वारा आमच्याकडे होता. गल्लीतली सहा माणसे त्या दिवशी गेली. चार जणांनी फळा वाचला होता. दोघांचे माहीत नाही.

माझा तिसरा रकाना त्या दिवशी पूर्ण रिकामा होता. तिथे लिहायला भरपूर जागा होती.

कलम सातवे. लोखंडी पलंग रुग्णालयाच्या धर्मादाय वॉर्डाला द्यावा. तो मी अक्कासाठी केला. तोंडाला ओले फडके बांधून मी तिला बाहेर ओढून काढले, त्यात माझी फुफ्फुसे गेली व तिची आधीच गेलेली होती. तिला आडवे झोपता येईना. पंचेचाळीस अंश, कधी चाळीस. अशी ती अकरा महिने बसून होती.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि अक्का पंधराची. तिनेच मला वाढवले. ती घरोघरी शिवण करायची आणि मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. दर बातमीला ती सुई थांबवून विचारायची, "हे कोणी सांगितलं म्हणे?" मी जो काही आहे तो या एका प्रश्नावर झालो. आणि तिच्यावर वेळ आली त्या दिवशी तोच विचारला नाही.

त्या दिवसापासून मी फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. पण हे तिला सांगितले नाही. ती रोज सकाळी विचारायची, "आज काय लिहिलंस?" आणि मी तिला सांगायचो. तेलाचे भाव उतरणार: खोटे. नवीन बस सुरू होणार: माहीत नाही. अकरा महिने मी तिला रोज सकाळी घरी बसून रचलेल्या नोंदी वाचून दाखवल्या. मी आयुष्यात जाणूनबुजून बोललेले खोटे तेवढेच. ती ऐकून मान हलवायची. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "हल्ली तुझा हात फार हलका पडायला लागलाय रे. सगळं कसं सरळ येतं." तिला कळले होते की नाही, माहीत नाही.

वर्तमानपत्रांत मृतांचा आकडा अजून सहा आहे. मी सात अर्ज दिले. अक्का अकरा महिने उशिरा गेली म्हणून ती आकड्यात बसत नाही.

कलम आठवे. माझी सर्व हत्यारे, तपासणीचा स्टँड व पितळी तराजू भाच्याला.

अक्का गेल्यावर दोन महिन्यांनी तो दुकानात आला. बाकावर बसला, एक जुना काटा उचलून त्याची काच पुसत राहिला. मग म्हणाला, "मामा, तो मेसेज मी टाकला होता."

मी म्हणालो, "कोणता?"

"तोच. सकाळी व्हॉल्व्हला गळती होती. साहेब म्हणाले, गुपचूप दुरुस्त करू, बोंबाबोंब नको. कँटीनवाल्याचा फोन घेतला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला."

"आणि तो फोटो?"

"नुसतं लिहिलं तर कोण वाचतं? फोटो नसेल तर आई पण नाही वाचत. जो सापडला तो लावला."

मी विचारले, तू मला सरळ फोन का नाही केलास. माझा आवाज चढला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो जे म्हणाला ते मी त्याच्याच शब्दांत लिहितो: "केला असता तर तू पहिलं काय विचारलं असतंस? 'नाव लिहू?' आणि तू लिहिलं असतंस मामा. मला माहितीये. माझं असो नाहीतर आईचं असो. संध्याकाळपर्यंत माझी नोकरी गेली असती."

मी लिहिले असते.

खरे सांगायला त्याला खोटा फोटो लागला, आणि खोटा फोटो ओळखता येतो म्हणून मी खरे पुसले. यावर मी दोन वर्षे विचार केला आहे. यातून शिकण्यासारखे काही निघते का ते पाहिले. निघत नाही.

भाच्याने ती नोकरी सोडली आहे. त्याचे हे बोलणे येथे लिहू का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "लिही. आता कोण वाचतंय." हत्यारांपैकी बारीक पेचकसांचा संच तेल न लावता ठेवू नये.

कलम नववे. जुने हिशेब, पैशांचे नव्हेत.

आमच्या भागाच्या पुढाऱ्यांनी दुर्घटनेआधी एक वर्ष फळ्याशेजारी उभे राहून फोटो काढला होता, "जागरूक नागरिक" म्हणून. दुर्घटनेनंतर चौथ्या दिवशी त्यांनीच सभेत सांगितले की फळे लावून लोकांची दिशाभूल करणाऱ्यांवर कारवाई होईल. माझ्यामागे ते घरी भेटायला आल्यास त्यांना पाणी द्यावे, खुर्ची देऊ नये.

ज्या वाहिनीने मला आधी "गल्लीतला सत्यवादी" केले व पुढे "अफवाबहाद्दर" केले, तिच्या बातमीदार बाईंना मी विचारले होते की दोन्ही वेळा तुम्हीच होता ना? त्या म्हणाल्या, "काका, मी फक्त बोलते. लिहून वरून येतं." वरून कोण लिहितो ते त्यांना माहीत नव्हते. त्यांच्याबद्दल माझा राग नाही. मला एक चिठ्ठीवाला पहारेकरी आठवला.

मुलीच्या फोनमध्ये प्रश्नांची उत्तरे देणारे यंत्र आहे. तिने त्याला त्या दिवसाबद्दल विचारले. ते म्हणाले, गळतीची पूर्वसूचना कोणालाच नव्हती. मी तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारायला लावला. तेव्हा ते म्हणाले, एका स्थानिक इसमाने खोटी सूचना पसरवल्याने गोंधळ झाला. तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा त्या इसमाचे नंतर निधन झाले असेही त्यात आले. मुलगी रडायला लागली. मी तिला म्हणालो, "अगं, एवढी एकच गोष्ट त्याने थोडी लवकर सांगितली. बाकी सगळं चुकीचं आहे."

आणि गल्ली. गल्लीवर माझा काय हक्क? पण लिहितो. पूर्वी जे लोक फोन घेऊन विचारायला यायचे ते आता विचारत नाहीत. बिल निम्मे करणारा डबा पुन्हा आला, चौदा घरांत लागला. मी शिंप्याला म्हणालो, आत वाळू असते. तो कात्री न थांबवता म्हणाला, "असेल काका. पण तुमचंपण एकदा चुकलंच होतं की." त्याचे बरोबर आहे. एकदा चुकलेला काटा मीसुद्धा कोणाला वापरू देत नसे. फक्त दुरुस्त करायचो. माणसाच्या बाबतीत ती सोय नाही.

कलम दहावे. वही.

शीतगृहाच्या मालकांचे म्हणणे आजही असे आहे की दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत गळतीची कल्पना कोणालाच नव्हती. चौकशी समिती तिसरी आहे. पहिल्या दोन अहवाल देण्याआधी संपल्या. पहारेकरी गाव सोडून गेला, चिठ्ठी गेली, अग्निशमन केंद्राच्या माणसाला काही आठवत नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी गेटवर "साहेबांनी सांगितलंय" असे कोणी म्हणाले होते, हे आता जगात एकाच ठिकाणी लिहिलेले आहे: वही क्रमांक एकतीस, पान अठ्ठ्याऐंशी, वरून सहावी ओळ. त्याच पानावर, अकराव्या ओळीत, माझे "खोटे" आहे. एक ठेवून दुसरे काढता येत नाही.

वही कोणाला द्यावी याचा मी पुष्कळ विचार केला. पत्नी म्हणते, "मला नको. ती घरात असली की तुम्ही जेवत नाही." मुलगी म्हणते, फोटो काढून सगळीकडे टाकू. टाकावे, माझी हरकत नाही. पण फोटोचे काय होते ते या गल्लीने पाहिले आहे. भाच्याला दिली तर तो ते पान उघडेल, आणि त्याने ते पुन्हा पुन्हा उघडावे असे मला वाटत नाही. समितीला दिली तर ती समितीबरोबर संपेल.

म्हणून वही समोरच्या न्हाव्याला. मी त्याला विचारले तेव्हा तो वस्तऱ्याला धार लावत होता.

"मला? मी तर तुझा फळा कधी मानला नाही."

"म्हणूनच."

"म्हणजे काय?"

"ज्यांनी मानला ते ती सुधारायला बघतील. माझं चुकलं नाही असं दाखवायला बघतील, नाहीतर फक्त माझंच चुकलं असं. तुला दोन्हींत रस नाही."

त्याने वस्तऱ्याची धार अंगठ्यावर पाहिली. "ठेवीन. पण समितीत बोलावलं तर मी एवढंच सांगणार, हे मला मेलेल्या माणसाने दिलं, खरं की खोटं मला माहीत नाही."

मी म्हणालो, तेवढेच सांग.

समिती वही वाचेल असे मला वाटत नाही. वाचली तरी मानेल असे वाटत नाही. मानली तरी काही होईल असे वाटत नाही. तरी ती असावी. याचे कारण मला देता येत नाही, आणि कारण न देता मी लिहिलेले हे एकच वाक्य आहे.

पहिल्या तीस वह्या रद्दीत घालाव्यात. वजन आपल्या तराजूवर करावे, रद्दीवाल्याच्या नव्हे.

कलम अकरावे. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. बातमी छापायची झाल्यास वय बरोबर छापावे. व्यवस्था पाहण्याचे काम मुलीकडे. कोणत्याही कलमाबद्दल वाद झाला तर तिने दोघांनाही आधी एवढेच विचारावे, "तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, स्वतः वाचले व दोन साक्षीदारांना वाचून दाखवले. दोघांनी वेगवेगळे वाचून मग सही केली आहे. न्हाव्याला या कागदाने काही मिळणार असल्यामुळे त्याला साक्षीदार करता येत नाही. त्याला त्याचे वाईट वाटले, तरी तो बसून आहे.

साक्षीदार एक: शिंपी, कोपऱ्यावरचा. सही.
साक्षीदार दोन: पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई, वरचा मजला. सही.
लिहून ठेवणार: मी. सही.
ठिकाण: दुकानामागची खोली, खिडकीजवळचे टेबल.
वेळ: तारीख चौदा, बुधवार, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटे. भिंतीवरचे घड्याळ दोन मिनिटे पुढे आहे, ती वजा केली आहेत.

पुरवणी. सह्या झाल्यावर न्हाव्याने कागद पहिल्यापासून वाचला आणि म्हणाला, "वहीवर टपलेली माणसं आहेत एवढंच लिहिलंस. देत काय होते?"

मी म्हणालो, "त्याची गरज नाही."

"गरज कशी नाही? उद्या तो शीतगृहाचा वकील माझ्याकडे येणार. मला भाव माहीत नको? आणि लोक काय म्हणतील, याला कोणी काही देत नव्हतं म्हणूनच हा एवढा सरळ."

पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "लिहा हो. नाहीतर उद्या कोणीतरी आपल्या मनाचा आकडा लावेल." ते पटले. म्हणून पुढील मजकूर वाढवला आहे व दोघांनी त्याखाली पुन्हा सह्या करायच्या आहेत.

शीतगृहाचे वकील गेल्या वर्षी तीनदा आले. पहिल्या दोन्ही वेळी मी त्यांना मूळ पान वाचू दिले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी पिशवीतून एक पान काढून माझ्यासमोर ठेवले. माझ्या वहीसारखाच कागद, तशीच आखणी, क्रमांक अठ्ठ्याऐंशी, आणि अक्षर माझे. शीतगृहाला मी वर्षानुवर्षे दिलेल्या बिलांवरून त्यांनी ते यंत्राकडून करून घेतले होते. माझा आठ वरून उघडा राहतो, तोही तसाच. त्या पानावर अकरा वीसचा फोन नव्हता. पहारेकरी नव्हता, साहेब नव्हते. खाली अकराव्या ओळीत लिहिले होते: शीतगृहातील गळती. माहीत नाही.

वकील म्हणाले, "बघा ना काका. यात तुम्हीपण सुटलात. कोणाचंच काही चुकलेलं नाही."

ते पान मी किती वेळ हातात धरून बसलो ते मी मोजले नाही. समोर घड्याळ होते. त्या पानावर अक्का पिशवी घेऊन येते, फळा वाचते, आणि निघून जाते. मग मी ते त्यांना परत दिले.

मी नाकारलेला देकार असा: जुने पान काढून त्या जागी हे पान शिवून घेणे, आणि त्याबद्दल मला रोख चाळीस लाख, अक्षरी चाळीस लाख फक्त.